बाटली शुद्ध असती तर?

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात परासिया हा कोळसाखाणींचा भाग आहे. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरात तेथील काही लहान मुलांना सर्दी, खोकला आणि ताप आला. पाऊस सरताना देशातील लाखो घरांत येतो तसाच. मुलांना औषध मिळाले. पुढे काही दिवसांत त्यांना उलट्या होऊ लागल्या आणि लघवी होईनाशी झाली. त्या मुलखाला मोठे रुग्णालय म्हणजे नागपूर. आईबापांनी मुले उचलली आणि नागपूर गाठले. डायलिसिस झाले, दिवसांमागून दिवस गेले, आणि वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालची होती.

संशय आधी पाण्यावर गेला, मग तापाच्या साथीवर. मूत्रपिंडाच्या ऊतीची तपासणी झाली तेव्हा कुठे विषाची दिशा दिसली आणि ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या पातळ औषधाकडे बोट वळले. तोवर तपासलेल्या नमुन्यांत विषारी द्रव्य आढळले नाही, असे ऑक्टोबरच्या आरंभी सरकारी पातळीवरून सांगण्यात आले. आणि लागोलाग तामिळनाडूच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. कांचीपुरम जिल्ह्यातील कारखान्यात तयार झालेल्या त्या औषधाच्या एका घाण्यात डायइथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के होते. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे जवळजवळ पाचशे पट. निम्मी बाटली विषाची होती.

त्यानंतरचा क्रम देशाला पाठ आहे. बंदी, छापे, मालकाला अटक, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक, परवाना रद्द, जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा. वृत्तवाहिन्यांनी ‘जहरी सिरप’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की त्यापलीकडे काही विचारण्याजोगे आहे, याचाच विसर पडला. सारी चर्चा एका शब्दाभोवती फिरली : भेसळ. हा शब्द सर्वांच्याच सोयीचा आहे. भेसळ म्हटली की गुन्हेगार एक, कारखाना एक, घाणा एक. उरलेल्या सगळ्यांना हात झटकता येतात.

ज्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, तो असा : बाटली शुद्ध असती, तर ती त्या मुलांना देणे योग्य ठरले असते काय? उत्तर ‘नाही’ असे आहे. आणि ते उत्तर सरकारी कागदांवरही आधीच नोंदलेले होते.

कोल्ड्रिफ हे पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन मॅलिएट आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण. यातील शेवटच्या दोन औषधांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि तशी सूचना वेष्टनावर छापावी, असे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये राज्यांना कळवले होते. परासियाच्या घटनेआधी जवळपास दोन वर्षे. आदेश इंग्रजीतून निघाला, कार्यालयांतून फिरला आणि फायलीत विसावला. औषध लिहिणारी लेखणी, औषध देणारे दुकान आणि चमचा धरणारा हात या तिघांपर्यंत तो पोहोचला असता, तर विषारी घाणा बाजारात असूनही किमान चार वर्षांखालची मुले त्याच्या वाटेत आली नसती. भेसळ हा त्या साखळीतला शेवटचा दुवा होता. पहिला दुवा अनावश्यक औषधाचा होता.

आता ही तीन औषधे एकेक करून पाहणे अगत्याचे आहे, कारण ‘थोडे औषध दिले तर बिघडते काय’ हा समज त्यांच्याविषयीच्या अज्ञानावरच उभा आहे.

फेनिलएफ्रिन नाकातील रक्तवाहिन्या आकसवते आणि त्यामुळे नाक मोकळे होते, असे म्हटले जाते. नाकात थेंब टाकले तर ते खरे आहे. तोंडावाटे घेतलेल्या फेनिलएफ्रिनचा मोठा भाग मात्र आतड्यात आणि यकृतातच निकामी होतो; रक्तात उरते ते नगण्य. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने पुरावे तपासून एकमताने निर्वाळा दिला की, नेहमीच्या मात्रेत तोंडावाटे घेतलेले हे औषध चोंदलेले नाक मोकळे करण्यास उपयोगी पडत नाही. तेथे तर हा निर्वाळा प्रौढांविषयी होता. भारतात तेच औषध दीड वर्षाच्या मुलाला पाजले जाते.

क्लोरफेनिरामिन हे पहिल्या पिढीचे अ‍ॅलर्जीरोधक. सर्दी बहुतांशी विषाणूंमुळे होते. अ‍ॅलर्जीत जे हिस्टामिन उसळते, त्याचा या सर्दीत फारसा हात नसतो. त्यामुळे औषधाचा मुख्य गुण येथे वायाच जातो. उरतात दोन अवगुण. ते स्राव कोरडे व घट्ट करते, म्हणजे जो शेंबूड सहज वाहून गेला असता तो चिकटून बसतो. आणि ते मेंदूत शिरून गुंगी आणते. या गुंगीतच त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य आहे. रात्रभर किरकिरणारे मूल औषधानंतर झोपते आणि घर म्हणते, ‘गुण आला.’ गुण आलेला नसतो. मुलाला भूल पडलेली असते. ज्याचा श्वास आधीच अडखळतो आहे अशा तान्ह्याला गुंगी आणणे, याला उपचार म्हणायचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

तिसरे पॅरासिटामॉल. हे खरोखर उपयोगी औषध आहे, आणि म्हणूनच मिश्रणात ते सर्वांत घातक ठरू शकते. ताप आला म्हणून घरात तापाचे औषध वेगळे असते, सर्दीचे वेगळे. सर्दीच्या बाटलीतही पॅरासिटामॉल आहे हे नाव वाचून कळत नाही, आणि मुलाला दुहेरी मात्रा जाते. त्यात भर बाटल्यांच्या तीव्रतेची. तान्ह्यांसाठीच्या थेंबांत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. नेहमीच्या पातळ औषधात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५०. थेंबांचे औषध सिरपच्या मापाने दिले, तर मात्रा दुप्पट ते चौपट होते. शाळेत एकके लिहिली नाहीत म्हणून अर्धा गुण कापला जातो. येथे तीच चूक यकृतावर बेतते. बाळाची मात्रा वयावरून वा अंदाजाने ठरत नाही. ती वजनावरून ठरते, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, आणि मापावी ती बाटलीसोबतच्या मापकाने वा पिचकारीने. स्वयंपाकघरातील चमचा हे माप नव्हे.

बाळाच्या सर्दीकडे दुर्लक्ष करावे, असा याचा अर्थ नाही. उलट, तान्ह्याची सर्दी मोठ्यांच्या सर्दीहून वेगळी आणि अधिक त्रासदायक असते, याला साधे भौतिक कारण आहे. अरुंद नळीतून संथपणे वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या भिंतीवर चोहीकडून एक मिलिमीटर सूज आली, तर विरोध सुमारे तिप्पट होतो. चार मिलिमीटरच्या नळीत तीच सूज आली, तर विरोध सोळापट होतो. नाक म्हणजे काही गोल नळी नव्हे आणि श्वासाचा प्रवाह नेहमी संथही नसतो, पण हिशेबाची दिशा हीच. शिवाय पहिले चार-सहा महिने बाळ मुख्यत्वे नाकानेच श्वास घेते. नाक चोंदले की स्तन तोंडात धरून श्वास घेता येत नाही. बाळ दूध सोडते, रडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. आईला वाटते मूल जेवत नाही, आजीला वाटते दृष्ट लागली. अडचण एवढीच असते की वाट चोंदलेली आहे.

मग उपायही वाटेवरच करायला हवा, मेंदूवर नव्हे. औषधी दुकानात मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात. दूध पाजण्यापूर्वी काही मिनिटे प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब टाकावे, शेंबूड सैल होऊ द्यावा, आणि गरज पडल्यास रबरी फुग्याने तो हळुवार ओढून घ्यावा. दिवसातून मोजक्या वेळा. सारखे ओढत राहिल्याने आतली त्वचा सुजते आणि पुन्हा चौथ्या घाताचा फटका बसतो. दूध थोडे थोडे, वारंवार. हवेत धूर नको : चूल, विडी, उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, काहीही नको. एवढ्यावर बहुसंख्य सर्द्या सात ते दहा दिवसांत ओसरतात. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, आणि त्याचे रेंगाळणे हा रोग नव्हे. थेंब विकत घेताना मात्र बाटली वाचलीच पाहिजे. नाक आकसवणाऱ्या औषधी थेंबांची बाटली दिसायला तशीच असते आणि ते तान्ह्याच्या पोटात गेले तर गुंगी येऊन श्वास व हृदयाची गती मंदावू शकते.

इथे घरगुती उपायांचा कैवार घेणारे पुढे सरसावतील, तेव्हा त्यांच्याविषयीही सांगून टाकलेले बरे. आधुनिक औषध अनावश्यक ठरले म्हणजे आजीबाईचा बटवा आपोआप निर्दोष ठरत नाही. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यात बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. कापूर पोटात गेला तर आकडी येऊ शकते, आणि कापूर-मेंथॉलचे मलम तान्ह्याच्या नाकाशी चोळणे धोक्याचे आहे. नाकात तेल सोडले तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. ओवा-वेखंडाची धुरी ही शेवटी धुरीच. वाफ देण्याच्या नादात उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून भाजलेली मुले रुग्णालये नित्य पाहतात. टोपीत, दुपट्यात आणि मांडीवर घेण्यात जी ऊब आहे तिला कोणाचाच विरोध नाही.

आणखी एका शब्दाने फार घोटाळा केला आहे : ‘अ‍ॅलर्जीची सर्दी’. वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे लहान मुलाला स्वाभाविक आहे. घरात शाळकरी भावंड असेल तर अधिकच. परंतु तिसऱ्या सर्दीला पालक वैतागतात आणि दवाखान्यात ‘अ‍ॅलर्जी’ हे नाव मिळते. त्या नावाला जोडून क्लोरफेनिरामिनची बाटली येते आणि मग ती महिनोन्‌महिने चालते. वस्तुस्थिती अशी की, परागकणांसारख्या हवेतील गोष्टींची अ‍ॅलर्जी जडण्यासाठी शरीराची त्यांच्याशी वारंवार गाठ पडावी लागते, बहुधा काही ऋतू जावे लागतात. म्हणून एक वर्षाखालच्या बाळात ती विरळाच. खरोखरच अ‍ॅलर्जी असेल, तर ती कशाची हे शोधणे आणि कमी गुंगी आणणाऱ्या नव्या औषधांतून वजनानुसार निवड करणे हे बालरोगतज्ज्ञाचे काम आहे. आणि नवे अन्न खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या, श्वास घरघरू लागला, तर ती वेळ कोणत्याच सिरपची नसते. तेव्हा थेट रुग्णालय गाठावे लागते.

एवढे सारे ठाऊक असताना सिरप खपते कसे? याचे उत्तर विज्ञानाच्या पहिल्या धड्यात आहे. सर्दी तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऐन भरात असते. पालक तेव्हाच दवाखान्यात जातात. तिथून पुढे ती आपोआप उतरणारच असते. बाटली चौथ्या दिवशी उघडली, सातव्या दिवशी मूल खेळू लागले, श्रेय बाटलीला. औषध न दिलेले तसेच दुसरे मूल शेजारी ठेवून कोणी पाहत नाही. अशा तुलनात्मक चाचण्या जगभर झाल्या आहेत आणि लहान मुलांच्या सर्दी-खोकल्यात या औषधांचा ठोस फायदा त्यांतून सिद्ध झालेला नाही. अमेरिकेत २००७ मध्ये कंपन्यांनीच तान्ह्यांची सर्दीची औषधे बाजारातून काढून घेतली आणि पुढच्या वर्षी वेष्टनावरची वयोमर्यादा चार वर्षांवर गेली. ब्रिटनने २००९ मध्ये ती सहा वर्षे केली. तेथे भेसळीचा प्रश्न नव्हता. शुद्ध औषधानेही मुले दगावत होती आणि पदरात काही पडत नव्हते, एवढे कारण पुरेसे ठरले.

शुद्ध औषधाने मुले दगावण्याचा अनुभव भारतालाही आहे. २०२१ मध्ये दिल्लीत खोकल्याच्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनमुळे विषबाधा झालेली १६ मुले कलावती सरन बाल रुग्णालयात दाखल झाली आणि त्यांतील ३ दगावली. ते सिरप मोहल्ला क्लिनिकांतून दिले गेले होते. त्या मृत्यूंना डायइथिलीन ग्लायकॉल लागले नाही. ज्या औषधाचे नाव वेष्टनावर होते तेच पुरले. त्यानंतर चार वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, असे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले. २०२३ मध्ये मिश्रणाविषयीचा आदेश निघाला. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा सल्ला निघाला : दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही ती साधारणतः शिफारसयोग्य नाहीत. चार वर्षांत तीन कागद, आणि त्यांतील दोन मुले गेल्यानंतरचे. ‘सल्ला’ हा शब्द इथे मुद्दाम पाहण्याजोगा आहे. जे देऊ नये ते विकायला मोकळीक आहे, लिहायला मोकळीक आहे, साठवायला मोकळीक आहे. मनाई फक्त सल्ल्यात आहे.

डॉक्टरांचा युक्तिवाद असा असतो की, पालकच औषध मागतात. काही लिहून दिले नाही तर ते दुसऱ्या दवाखान्यात जातात. हे खरे आहे आणि त्यात दोष एकट्या डॉक्टरचा नाही. दिवसाला शेकडो रुग्ण पाहणाऱ्याला बाळाचा श्वास मिनिटभर मोजण्यापेक्षा बाटलीचे नाव खरडणे परवडते. तरीही हा युक्तिवाद टिकत नाही. पालक खात्री मागत असतात, आणि त्यांना आजवर खात्री म्हणून बाटलीच देण्यात आली आहे. त्या मिनिटभरात जे कळते ते कोणत्याही सिरपहून मोलाचे असते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाचे वरखाली होणे मोजावे. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर ती नुसती सर्दी नव्हे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर पडणे, दूध पूर्ण सोडणे, मूल सुस्त पडणे, सहा-आठ तास लघवी न होणे, यांतील एकही खूण थांबायला वेळ देत नाही. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर घरी औषध देऊन वाट पाहणे हीच चूक. त्याला तपासणी लागते. हे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेने खेड्यातल्या आरोग्यसेविकेसाठी बनवले आहेत. त्यासाठी डॉक्टरची पदवी लागत नाही, हाताला घड्याळ लागते.

आता भेसळीकडे वळू, कारण ती गौण आहे असे येथे कोठेही म्हणायचे नाही. ती घडते कशी, हे समजले की ती रोखणे किती सोपे आहे हेही समजते, आणि संताप तेव्हाच येतो.

पॅरासिटामॉल पाण्यात फारसे विरघळत नाही. सामान्य तापमानाला एका लिटर पाण्यात ते जेमतेम १२ ते १५ ग्रॅम मावते. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम द्यायचे, तर लिटरमागे २५ ग्रॅम विरघळवावे लागतात. म्हणून प्रोपिलीन ग्लायकॉलसारखा मदतनीस द्रव घालतात. औषधी दर्जाचा प्रोपिलीन ग्लायकॉल निर्धोक आहे, पण महाग आहे. उद्योगांत वापरला जाणारा डायइथिलीन ग्लायकॉल त्याच्यासारखाच रंगहीन, दाटसर आणि चवीला गोड, आणि स्वस्त. शरीरात मात्र त्याचे रूपांतर होत होत डायग्लायकॉलिक आम्ल बनते आणि ते मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते. ४८.६ टक्क्यांचा हिशेब केला, तर ५ मिलिलिटरच्या एका चमच्यात जवळजवळ अडीच ग्रॅम विष. दिवसातून तीन-चार चमचे.

हे दोन द्रव डोळ्यांना सारखे दिसत असले तरी भौतिकशास्त्राला सारखे दिसत नाहीत. प्रोपिलीन ग्लायकॉलची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १.०४ ग्रॅम, डायइथिलीन ग्लायकॉलची सुमारे १.१२. अपवर्तनांकही वेगळे. पिंपात एका द्रवाऐवजी सबंध दुसराच द्रव आला असेल, तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साधी उपकरणेही ते ओरडून सांगतील. थोड्या प्रमाणातील मिसळ ओळखायला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. तीही काही दुर्मीळ विद्या नव्हे. पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी तर त्याहून स्वस्त. तामिळनाडूच्या प्रयोगशाळेने कळल्यापासून मोजक्या दिवसांत आकडा काढून दाखवला. म्हणजे देशाजवळ उपकरण आहे, पद्धत आहे, माणूस आहे. पिंप कारखान्याच्या दारात आल्यावर ती तपासणी झाली का, एवढेच विचारणारा कोणी नव्हता.

आणि हे विष काही नवे नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या पातळ औषधाने शंभराहून अधिक जीव घेतले तेव्हाच ते जगाला कळले. पुढच्याच वर्षी त्या देशाने आपला औषध कायदा बदलला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये याच द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, महाराष्ट्र हादरला. १९९८ मध्ये गुरुगाव-दिल्ली. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतील रामनगर, तेथेही मुलेच आणि तेथेही सर्दीचेच औषध. २०२२ मध्ये भारतात बनलेल्या सिरपांशी गांबियातील सुमारे ७० मुलांचे मृत्यू जोडले गेले आणि त्याच वर्षाअखेर उझबेकिस्तानातील.

या शेवटच्या दोन घटनांनंतर मात्र सरकार हलले. जगाची फार्मसी म्हणवून घेणाऱ्या देशाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. १ जून २०२३ पासून खोकल्याचे सिरप निर्यात करायचे असेल, तर मान्य प्रयोगशाळेत नमुना तपासून प्रमाणपत्र घेणे सक्तीचे झाले. निर्णय योग्यच. पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. बंदरातून परदेशी जाणारी बाटली बाहेरच्या प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय हलत नाही. ट्रकमधून परासियाला जाणाऱ्या बाटलीला तसे कोणतेही प्रमाणपत्र लागत नव्हते. तिच्यासाठी कारखानदाराचा स्वतःचा शब्द पुरेसा होता. धोका ठाऊक होता, तपासणी ठाऊक होती, सक्तीची पद्धतही २०२३ मध्ये बसवून झाली होती. ती कोणाच्या मुलांसाठी बसवायची, एवढेच ठरवायचे होते, आणि ते ठरवलेही गेले.

खर्चाचे कारण पुढे केले जाते. छोट्या कारखान्यांना प्रत्येक घाण्याची तपासणी परवडणार नाही, ते बंद पडतील, गरिबांची औषधे महागतील. पण जी औषधे पाच वर्षांखालील मुलांना द्यायचीच नाहीत, ती महागली तर गरिबाचे काय जाते? उलट ती न घेतल्याने त्याचे पैसेच वाचतात. मिठाच्या पाण्याचे थेंब महाग नाहीत आणि त्यांत विरघळवण्यासाठी ग्लायकॉल लागत नाही.

तेव्हा मागण्या दोन आहेत आणि त्या एकमेकींपासून सुट्या करून चालणार नाहीत. देशांतर्गत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पातळ औषधासाठी, पिंपातील द्रव आणि तयार घाणा या दोन्ही पायऱ्यांवर, निर्यातीइतकीच सक्तीची तपासणी हवी. आणि चार वर्षांखालील मुलांसाठीच्या सर्दीच्या मिश्रणांना सल्ल्याने नव्हे, कायद्याने मनाई हवी. वेष्टनावर वय मोठ्या अक्षरांत, ज्या राज्यात बाटली विकली जाते तेथील भाषेत. परासियाच्या दुकानात ते हिंदीत वाचता आले पाहिजे, नागपूरच्या दुकानात मराठीत, कांचीपुरमला तमिळमध्ये. डिसेंबर २०२३ चा मजकूर तयारच आहे. तो फक्त भाषांतरित करून छापायचा आहे.